मावशींनी वाचून दाखवलेला मेंदू

मानसशास्त्राचे जाडजूड संदर्भग्रंथ मी कधी पाहिले नाहीत. ते मी ऐकलेत, आणि तेही रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका अनाउन्सर बाईंच्या आवाजात.

नववीत असताना माझी नजर गेली. आमचं घर पवनानगरला. कॉलेज लोणावळ्यात. रोज जीपने येणं-जाणं जमेना, म्हणून एका मावशींकडे खोली भाड्याने घेतली. गाड्यांच्या घोषणा रेकॉर्डवर जाईपर्यंत स्टेशनवरचा तो आवाज त्यांचा होता.

साधी पुस्तकं मला फोन वाचून दाखवायचा. मानसशास्त्राच्या आणि जीवशास्त्राच्या ज्ञानकोशांपुढे मात्र त्याने हात टेकले. पानावर दोन रकाने असले की तो सरळ आडवा वाचत सुटायचा आणि झोपेच्या वाक्याला भुकेचं शेपूट लागायचं. आकृती आली की नुसतं "चित्र" म्हणून पुढे. बरं, हे ग्रंथ ग्रंथालयाबाहेर नेता येत नव्हते.

मावशींना हे एकदा चहा पिताना सांगितलं.

"मग मी येते की तिकडे," त्या म्हणाल्या. "मला सगळं इंग्रजी कळत नाही, पण वाचते स्वच्छ."

ग्रंथपाल सरांनी आम्हाला जुन्या वर्तमानपत्रांची मागची खोली उघडून दिली, कारण मावशींना हळू आवाज माहीतच नव्हता. मेंदूच्या भागांची ती लांबलचक नावं त्या अशा उच्चारायच्या की वाटावं, आता प्लॅटफॉर्म नंबर सांगणार. अडलं की अक्षरं सुटी करून सांगायच्या. माझ्यापेक्षा त्याच जास्त चिकाटीच्या.

आई एकदा इंद्रायणी तांदूळ घेऊन थेट ग्रंथालयातच आली, तेव्हा आम्ही वाचतच बसलो होतो.

"काय वाचताय एवढं?"

"डोकं," मावशी म्हणाल्या.

"आन् ही तुमचं खाती आसंल!" आई हसली. मग जवळ येऊन हळूच म्हणाली, "लय केलंत हो माझ्या पोरीसाटी."

"अहो, घरी बसून मी तरी काय करणार होते?"

अडचण आकृत्यांची होती. मेंदूचं चित्र त्या शब्दांत सांगू लागल्या. फ्लॉवरचा गड्डा, मग अक्रोड, मग दोन्ही रद्द. दुसऱ्या दिवशी शिवणकामातलं दातेरी चाक, जाड कागद आणि एक चादर घेऊन आल्या. ग्रंथातली आकृती कागदावर उतरवली, कागद घडी घातलेल्या चादरीवर ठेवला आणि रेघांवरून चाक दाबत फिरवलं. कागद उलटला. त्या बाजूला ठिपके उठले होते. माझ्या बोटांखाली मेंदू आला. बोट परतपरत त्याच वळणांवरून फिरत राहिलं.

आठवड्याभराने वर्गात मॅडमनी विचारलं, पुस्तकातल्या आकृतीत मेंदूचा कपाळाकडचा भाग कुठल्या बाजूला आहे?

"उजवीकडे," मी खणखणीत आवाजात म्हणाले.

"डावीकडे आहे गं."

मी हट्टाने कागद काढून दाखवला. मॅडमनी त्यावरून हात फिरवला आणि त्यांना हसू आवरेना. "मेंदू अगदी बरोबर आहे. फक्त कागद उलटला, तसा तोही उलटला!" सगळा वर्ग हसला, मीही हसले.

मावशींना मात्र ते फार लागलं. "म्हणजे पोरीला मी उलटा मेंदू शिकवला!" त्यांनी सगळे कागद परत मागून घेतले. खिडकीच्या काचेवर एकेक धरून मागच्या बाजूने आकृती गिरवली आणि सगळं नव्याने उठवलं. डोळा, कान, मज्जारज्जू, सगळं. मॅडमना ते कागद इतके आवडले की जीवशास्त्राच्या सरांनाही त्यांनी नेऊन दाखवले.

बी.ए. चांगल्या गुणांनी झालं. पुढे पुण्यात एम.ए. केलं, आणि आता मी एका शाळेत मुलांची समुपदेशक आहे. माझ्या शिक्षणात अनेकांचा हात आहे, पण मावशींचा आवाज त्यांत सगळ्यांत आधी ऐकू येतो.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी आम्ही झोपेचं प्रकरण वाचत होतो. रात्रपाळी करणाऱ्यांच्या शरीराचं घड्याळ कसं बिघडतं, दिवसा झोपूनही थकवा का जात नाही, असं त्यात होतं. वाचता वाचता मावशी थांबल्या. मला वाटलं, शब्द अडला.

"याचा अर्थ सांग," त्या म्हणाल्या.

मी मराठीत सांगितला.

"आमच्या घरी मला आळशी म्हणायचे. मी रात्री ड्युटी करून यायचे, दिवसभर डोकं जड असायचं. मलाही वाटायचं, असेन मी आळशी." मग पानावर हात ठेवून म्हणाल्या, "नव्हते गं मी."

"नव्हतातच."

त्यांनी ते पान पुन्हा एकदा वाचलं, या वेळी स्वतःसाठी, अगदी हळू आवाजात. मग ग्रंथ मिटला, आणि आम्ही दोघी चहा प्यायला बाहेर पडलो.