शेंदूर लावलेले दात

सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि घराची चढण त्यांना बंद झाली. रिक्षा खाली रस्त्यापर्यंतच येते. वर सगळा कातळ आणि सुटे दगड. दवाखान्यातून त्यांना चार माणसांनी खुर्चीत बसवून वर आणलं, तेव्हा त्या लाजेने कोणाकडे बघेनात.

सासऱ्यांची जुनी जीप होती. पण चढणीवर अर्ध्यात पोचली की तिचं मागचं एक चाक जागेवरच गरगर फिरायचं, दगड उडवायचं, आणि दुसरं ढिम्म.

सासरे जन्मभर बोटीवर इंजिनरूममध्ये होते. त्यांनी आवाज ऐकूनच सांगितलं, डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणारा गिअरांचा डबा, खोलायला हवा. आमच्या जीपचा साधा नव्हता. त्याच्या पोटात चकत्यांची चळत होती. एक चाक घसरलं की त्या एकमेकींना घट्ट धरायच्या आणि जोर दुसऱ्या चाकालाही मिळायचा. त्याच झिजल्या होत्या.

"मी खोलतंय," म्हणत त्यांनी पाना उचलला. बोल्टावर बसवायला गेले, तो बाजूलाच आपटला. काचबिंदूने त्यांची नजर कडेकडून मिटत आणली होती.

"बाबा, मी खोलते. तुम्ही सांगा," मी म्हटलं.

मी घाटावरची, ओरोसला कचेरीत नोकरीला. नवरा बोटीवर. इतक्या वर्षांत सासऱ्यांशी माझं बोलणं म्हणजे "पान वाढू?" आणि "होय", एवढंच. त्या उन्हाळ्यात मात्र जीप माणसं लावून वर ढकलत आणली आणि प्रत्येक रविवार आम्ही घरालगतच्या मांगरात, गवताच्या भाऱ्यांशेजारी तिच्याखाली काढला. जुनी चकती हातात दिली की ते तिच्यावरून अंगठा फिरवायचे. "काचेसारखी झाली गो. धरतली कशी?"

नव्या चकत्या गोव्याहून मागवल्या, तेलात भिजवल्या. एक खरखरीत, एक गुळगुळीत, अशा ओळीने ते माझ्या हातात देत गेले. एकही चुकली नाही. मध्येच बोटीवरच्या गोष्टी सांगत होते. पहिल्या सफरीत घरच्या आठवणीने बॉयलरमागे बसून रडले होते, हेही सांगितलं. ते सासूबाईंनाही ठाऊक नव्हतं.

सगळं परत बसवल्यावर दोन गिअरांचे दात नीट भिडतात का, ते पाहायचं होतं. त्यासाठी दातांना रंग लावतात. "देवघरात शेंदूर आसा," ते म्हणाले.

सासूबाई काठी टेकत दारापर्यंत आल्या. "देवाचो शेंदूर गाडयेक?"

"तुजी ढोपरा वर नेवची हत मां? मग देवाक चलतला."

सासूबाईंनी स्वतःच वाटी आणून दिली. मी शेंदूर तेलात कालवला, दातांना लावला, गिअर फिरवला. ठसा दाताच्या पार कडेला उमटला. पुन्हा खोललं, गिअरामागचे पातळ पत्रे बदलले, पुन्हा लावला.

"आता खंय लागता?"

"मधोमध, बाबा. लांबट, तांदळाच्या दाण्यासारखा."

"परत सांग."

मी परत सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत होते.

पहिली फेरी सासूबाईंच्या माहेरी, विजयदुर्गला. संध्याकाळी परत आलो तेव्हा गाडी मीच चालवत होते, सासरे शेजारी, सासूबाई मागे. चढणीच्या मध्यावर, जिथे चाक नेहमी फिरायचं, तिथेच ते म्हणाले, "हयच थांबव."

"इथे? बाबा, मग निघणार नाही."

"थांबव गो."

मी थांबवली. मागून सासूबाईंचा घाबरा आवाज आला. आरशात पाहिलं, त्यांनी डोळे गच्च मिटले होते. "पोचलव?"

"नाय अजून," म्हणत सासऱ्यांनी मागे हात नेला आणि चाचपडत त्यांचा हात शोधला. मग मला म्हणाले, "आता सोड क्लच. सावकाश."

खाली दगड करकरले. गाडी किंचित मागे सरकली, मग दोन्ही चाकांनी एकदमच कातळ धरला आणि ती वर निघाली. घरापुढच्या खळ्यात येऊन मी इंजिन बंद केलं, तरी मागे नेलेला हात सासऱ्यांनी काढला नव्हता. मी आधी उतरले आणि दिवा लावायला आत गेले.