रस्त्यापलीकडची भेंडी

वाचकहो, भेंडीचा शेंडा मोडताना होणारा आवाज तुम्ही कधी कान देऊन ऐकला आहे काय? मीही ऐकला नव्हता. तो मला एका वृद्ध गृहस्थांनी ऐकवला. भेंडी चिमटीत धरून ते कानाशी नेत आणि शेंडा मोडत. ‘टक्’ झाले की म्हणत, “खा!” नाही झाले तर, “गेली. जून झाली. चूक आपली.”

ते पागेतले जुने नोकर. उभा जन्म घोड्यांना हाका मारण्यात गेला, त्यामुळे घरात कुजबुजले तरी शेजारी “आलो, आलो” म्हणत. घरात एकटेच. सगळी आळी त्यांना आजोबा म्हणे.

आमच्या देवासात एका गावात दोन राज्ये नांदतात; एकेका राज्याला पाती म्हणतात. परगावच्यांना ही थट्टा वाटते. आजोबांचे घर रस्त्याच्या एका अंगाला, एका पातीत. त्यांची बाग समोरच्या अंगाला, दुसऱ्या पातीत, माझ्यासारख्या शाळामास्तराच्या खोलीला लागून. मध्ये दोन गाड्या जातील एवढा रस्ता. बागेत भेंडी, गिलकी, गवार, कुंपणाशी सीताफळाची तीन झाडे आणि एक विहीर. रोज सकाळी धोतर खोचून आजोबा एक राज्य ओलांडून दुसऱ्यात येत आणि टोपलीभर भाजी तोडून दोन्ही राज्यांत वाटत. “एक दिवस तोडली नाही की झाडाला वाटतं, आपलं काम संपलं. मग ते फूल धरत नाही.”

आश्विनात त्यांच्या बाजूला प्लेगचे उंदीर पडू लागले, आणि मग माणसे. आमच्या बाजूने रस्त्यावर लाकडी बल्ल्या आडव्या बांधून शिपाई बसवला. पलीकडच्याने अलीकडे पाऊल टाकायचे नाही.

आजोबा टोपली घेऊन बल्लीपाशी आले.

“आगे मत आओ, बासाब,” शिपाई म्हणाला.

“अरे भिया, मी काय मांडवगडाला निघालोय? ती समोर माझी भेंडी आहे!”

“भेंडी उना राज में है, ने तम इना राज में.”

मी परवानगीसाठी आमच्या कचेरीत गेलो. उत्तर मिळाले, “ते आमची रयत नाहीत.” पलीकडच्या कचेरीला लिहिले. “बाग आमच्या हद्दीत नाही.” माणसाच्या जिवापेक्षा हद्द मोठी मानणाऱ्यांना काय म्हणावे, ते मी अन्यत्र छापून म्हटले आहे. येथे आजोबांविषयीच लिहितो.

अखेर त्यांचे हात मी झालो. ते समोरच्या ओट्यावर कानामागे तळवा धरून बसत आणि तिकडून बाग चालवत.

“मोड! ऐकू दे!”

मी मोडी.

“खा! आता गिलकी बघ. पानाखाली. डावीकडे. अरे, तुझ्या डावीकडे, माझ्या नव्हे!”

शिपायालाही गंमत वाटू लागली. बल्लीला टेकून, बोटाने गिलके दाखवत तो ओरडे, “वा रही, मास्टर, वा रही!” त्याबद्दल दोन गिलकी त्याच्या फडक्यात जात.

सीताफळांनी माझी फजिती केली. फळाचे डोळे रुंदावून त्यांच्या फटी पांढऱ्या दिसू लागल्यावर ते उतरवायचे असते. मी आधीच सात-आठ उतरवली. ती पिकली नाहीत, काळी पडून दगड झाली. मी ती वर धरून दाखवली, तेव्हा आजोबा म्हणाले, “पत्रकं लिहिणारे तुम्ही सगळेच घाईचे. फळाला विचारलंस का?”

मग एका सकाळी त्यांच्या आळीतून पाठोपाठ दोन तिरड्या गेल्या. आजोबा उभे राहिले, हात जोडले, आणि खाली बसून म्हणाले, “गवारीला पाणी घातलंस?”

माझा संताप अनावर झाला. “माणसं मरताहेत, आजोबा! आळी रिकामी झाली. तुम्ही माळावर प्लेगसाठी बांधलेल्या झोपड्यांत का जात नाही?”

ते इतके हळू बोलले की प्रथमच मला कान द्यावा लागला. “इथनं बाग दिसते रे. तिथनं नाही दिसणार.”

वाचकहो, उंदीर पडताच घर सोडा, असे पत्रक मी स्वतः लिहून भिंतीभिंतींवर चिकटवले होते. आणि रोज सकाळी त्याच माणसासमोर उभा राहून मी भेंडी मोडत होतो. त्यांना जा म्हणायला मी इतके दिवस लावले, कारण त्या हाकांची मला गोडी लागली होती.

“मी तोडीन,” मी ओरडलो. “एक दिवस चुकवणार नाही. पण तुम्ही आज निघा!”

“आणि वाटायची. साठवायची नाही.”

“वाटीन.”

ते वळकटी घेऊन निघाले. चालताना भिंतीचा आधार घेत होते. ते वयामुळे असेल, असे मी स्वतःला चारदा सांगितले. चौथ्या दिवशी शिपाई माझ्याकडे न बघता म्हणाला, “बासाब तो गया, मास्टर.”

मी बागेत गेलो. सवयीने एक शेंडा मोडला आणि थांबलो. समोरच्या ओट्यावर कुत्रे झोपले होते.

भाजी मी वाटतो आहे. पण जे हात कालपर्यंत पुढे येत होते, ते आता दार लावतात. “प्लेगने गेलेल्याची भाजी!” उंबऱ्यावर ठेवलेली भेंडी सकाळी गटारात सापडते. अहो, पहारा बसल्यापासून त्यांनी त्या बागेत पाऊल टाकले नव्हते. पाणी मी घातले, तोडली मी, आणि रोज दोन्ही वेळा खातो आहे मी. पण एकटा किती खाणार?

भीती मलाही वाटते. काखेत गाठ नाही ना, हे मी रोज चाचपून पाहतो. पण भीती उंदरांची बाळगा, भाजीची नको. उद्या सकाळी पिशवी घेऊन या. फाटकाला कडी नाही. स्वतःच्या हाताने तोडा, आणि घरी जाऊन दार उघडे ठेवून शिजवा. फोडणीचा वास शेजाऱ्यांपर्यंत जाऊ द्या.