शाळेशी जमलेली सोयरीक

माझ्या मुलीची सोयरीक ती चार वर्षांची व्हायच्या आतच जमली, आणि तीही एका शाळेशी. घरातली सगळी मोठी माणसं बैठकीला हजर होती, त्यामुळे आता नाकारायची सोय नाही.

झालं असं, की आम्ही पुसेगावचे, आणि गौरीचं नाव हिंगोलीच्या एका इंग्रजी शाळेत घालायचं ठरलं. तिथं म्हणे लेकरासोबत आईबापाचीही मुलाखत घेतात. माझं इंग्रजी म्हणजे फवारणीच्या औषधाच्या डब्यावर असतं तेवढंच! शाळेनं माझ्या तोंडाकडं पाहून माझ्या लेकराला परत पाठवलं तर? या एका भीतीनं माझं जेवण तुटलं.

शेवटी सुनंदानं (माझ्या बायकोनं) मोबाइलवर शाळेबद्दलच्या भारी इंग्रजी शब्दांचा व्हिडिओ शोधून काढला. आम्ही अंगणात हळद वाळवायला बसलो, की तिची शिकवणी सुरू!

"शिकवायची पद्धत?"

"पेडागॉजी!"

"लेकराची सगळ्या अंगानं वाढ?"

"होलिस्टिक डेव्हलपमेंट!"

"ताटातूट झाली की जीव कासावीस होतो ते?"

"सेपरेशन अँग्झायटी!"

"आता कसं!" सुनंदा खूश. अर्थ ती सांगायची, पण माझ्या डोक्यात शब्दच एवढे दाटीवाटीनं बसले होते, की अर्थाला जागा उरली नाही.

मुलाखतीच्या सकाळी आम्ही निघालो, तर माझे वडील, आबा, इस्त्रीचं धोतर नेसून दारात उभे.

"दोघंच काहून चालले? पोरीला पाहायला बोलावलं, तर संगं मोठं माणूस नको?"

"आबा, ती शाळा हाय. पाहायचा कार्यक्रम न्हाई."

"पोरगी आपल्या घरून दुसऱ्याच्या दारात जाऊन राहिली का न्हाई? मंग! बैठक तर व्हायलाच पायजे."

मी भाड्यानं आणलेल्या जीपकडं वळलो. तोवर माय नारळ आणि खण घेऊन आत बसलीसुद्धा! तिच्या शेजारी दोन चुलते. पेढ्यांचा पुडा आबांच्या मांडीवर.

शाळेच्या शिपायानं अडवलं. "फक्त आईवडील आत."

"मी आजा हाय," आबा म्हणाले. "माझ्याबिगर बोलणी कशी व्हतील?"

गलका ऐकून मुख्याध्यापिका बाहेर आल्या आणि हसून त्यांनी सगळ्यांनाच आत बोलावलं. खुर्च्या कमी पडल्या. चुलते भिंतीला टेकून उभे राहिले. बाईंनी पहिला प्रश्न विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात आबांनी हात वर केला.

"बाई, आधी आमाला विचारू द्या. पोरगी आमची हाय."

"विचारा ना."

"पाणी कुठलं पाजता?"

"फिल्टरचं."

"लेकरू रडलं, तर जवळ कोण घेतं?"

"मी स्वतः घेते."

"मारता-बिरता का?"

"अजिबात नाही."

"गाव कंचं तुमचं?"

"हट्टा."

"मंग काय, जवळच्याच निघाल्या!" आबा चुलत्यांकडं वळून म्हणाले. मायनं लगेच उठून बाईंना कुंकू लावलं आणि तिथंच त्यांची ओटी भरली! मुलाखत घ्यायला बसलेल्या बाई पदर पुढं करून नारळ घेत होत्या, आणि मी मनातल्या मनात पेडागॉजी घोकत होतो.

मग बाई माझ्याकडं वळल्या. "आणि बाबा, शाळेकडून तुमची काय अपेक्षा आहे?"

हीच ती वेळ! मी छाती भरून श्वास घेतला, आणि सगळे शब्द एकदम सुटले. "करिक्युलम, असेसमेंट, पेडागॉजी, होलिस्टिक डेव्हलपमेंट आणि सेपरेशन अँग्झायटी!"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "सेपरेशन अँग्झायटी? तुमची तशी अपेक्षा आहे?"

सुनंदानं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. पण आता माघार कशी घ्यायची?

"व्हय," मी म्हणालो. "थोडी असली तरी चालंल."

बाईंनी रुमाल तोंडाला लावला. (त्यांना खोकला आला असावा, असं मी तेव्हा समजलो.) आबांनी मात्र वेळ न घालवता पेढ्यांचा पुडा सोडला. "आमाला पसंत हाय. तुमचं सांगा."

"आम्हालाही पसंत आहे," बाई म्हणाल्या.

जूनमध्ये पहिल्या दिवशी तीच जीप, तीच माणसं. मायनं गौरीच्या हातावर दहीसाखर ठेवली. आबांनी तिचा हात बाईंच्या हातात दिला आणि म्हणाले, "लाडाची हाय. तुमच्या पदरात टाकली." त्यांना रडू फुटलं. मायनं डोळ्याला पदर लावला. सुनंदा रडली, चुलते रडले, जीपवाल्यानंही नाक ओढलं.

गौरी एकटी रडली नाही. तिला घसरगुंडी दिसली होती. ती पळत आत गेली. एकदा तरी मागं वळून पाहील, म्हणून मी हात वर करून उभा होतो. तिनं पाहिलंच नाही. ज्या लेकराला माझ्या मांडीशिवाय झोप येत नव्हती, ते असं गेलं! मी फाटकाचे गज धरले आणि मोठ्यानं हुंदका दिला.

"अहो, बारा वाजता सुटते शाळा!" शिपाई घाबरून म्हणाला.

बाई स्वतः पाण्याचा पेला घेऊन आल्या. "लहान मुलांना असं होतं दोन-चार दिवस," त्या हळूच म्हणाल्या. "वडिलांना झालेलं पहिल्यांदाच पाहतेय. पण तुम्ही मुलाखतीतच सांगितलं होतं म्हणा."

बाकी शाळांचं मला माहीत नाही. आमच्या शाळेनं पालकाची अपेक्षा पहिल्याच दिवशी पूर्ण केली!