आढ्यावरचा कंद

आमच्या घरात एक गोष्ट नेहमी सांगितली जायची. पाहुण्यांची जेवणं झाली की माझी नात ती सुरू करायची, निम्मी जपानीत, निम्मी इंग्रजीत: आजीने एकदा जपानी घराचं छप्पर चोरलं होतं. सगळे हसायचे. मुलगी ताटं उचलता उचलता म्हणायची, "आईला ना, कुठेही जा, रोप दिसलं की राहवायचं नाही." मी बडीशेप चघळत बसायचो. ही गोष्ट खोटी आहे. ती जिच्याबद्दल सांगायचे ती, माझी बायको, आता नाही. खरं काय घडलं हे माहीत असलेला मी एकटाच उरलो होतो.

पुण्यात मी तीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. सहलीला नेलेल्या मुलांनी विनाकारण एक पान तोडलं तरी मी ओरडायचो. बायको शिकलेली बेताचीच, पण बाल्कनीतल्या सगळ्या कुंड्या तिच्या. कुणाच्या दारात नवीन रोप दिसलं की ती बेल वाजवून फांदी मागायची. त्यामुळे सोसायटीत ती रोपं मागणारी बाई म्हणून प्रसिद्ध होती. मी सकाळी फिरायला जाताना न विचारता फांद्या खुडून आणायचो. चोरून आणलेलं रोप हमखास लागतं, असं वर हसून म्हणायचो. मला कुणी काही म्हणत नसे, कारण कुणी पाहिलेलंच नसे.

मुलगी आणि जावई इथे जपानात, ग्योतोकुला राहतात. त्या वर्षी आम्ही दोघं तीन महिन्यांसाठी आलो होतो. मुलीच्या ऑफिसातल्या वरिष्ठांचं उत्तरेकडे एका खेड्यात जुनं घर आहे, त्यांची आई ते सांभाळते. त्यांनी आम्हाला एका रविवारी मुद्दाम बोलावलं. मुलीला त्याचं फार अप्रूप होतं. "ऑफिसातल्या कुणालाच त्यांनी अजून घरी बोलावलेलं नाही," असं ती गाडीत दोनदा म्हणाली.

घर गवताने शाकारलेलं, छप्पर हात-दीड हात जाड. त्याच्या अगदी माथ्यावर, आढ्यावर, हिरवळ लावलेली असते आणि तिच्यात आयरिसची, जांभळ्या फुलांची रोपं. ही शोभा नव्हे. त्यांची मुळं माती धरून ठेवतात आणि माती गवताला धरून ठेवते, म्हणून वाऱ्यात छप्पर उसकटत नाही. आम्ही गेलो तेव्हा दुरुस्ती चालू होती. गवतामुळांसकट कापलेल्या मातीच्या लाद्या खाली उतरवून ओल्या गोणपाटाखाली ओळीने मांडल्या होत्या. प्रत्येकीवर लाकडाची चिठ्ठी. मालकीणबाई, म्हणजे त्या वरिष्ठांच्या आई, ऐंशीच्या पुढच्या. मुलीने त्यांचं बोलणं सांगितलं: "त्यांच्या सासूबाईंच्याही आधीपासून हीच रोपं आहेत. प्रत्येक वेळी उतरवायची आणि जिथली तिथेच परत चढवायची."

मी मुळांबद्दल मुलीला छोटंसं व्याख्यानही दिलं. मग सगळे आत गेले आणि मी बुटांची नाडी सोडायच्या निमित्ताने मागे राहिलो. गोणपाट उचललं. आल्याच्या गड्ड्यासारखा गाठाळ कंद, बोटांनी पिरगाळला की सुटतो. सुटला. पुण्याच्या बाल्कनीत छपरावरचं आयरिस, एवढंच डोक्यात होतं. ओल्या टिश्यूत गुंडाळला. माझ्या खिशात चिखल झाला असता. बायकोची कापडी पिशवी उंबऱ्यापाशीच टेकवलेली होती, तिच्यात मी तो खाली सरकवला. गाडीत सांगू, असं ठरवलं.

आत जमिनीत चौकोनी आगटी होती. धुराने गवत टिकतं म्हणून ती रोज पेटवतात. गुडघ्यांमुळे बायकोला खाली बसता येत नसे, तिला एक बुटकं स्टूल दिलं होतं. चहा झाल्यावर ती मुलीला म्हणाली, "अगं, विचार ना यांना, तूप चालतं का? बेसनाचे लाडू आहेत म्हणावं."

"आई, विचारत नाहीत गं इथे. नुसतं दोन्ही हातांनी द्यायचं."

"दोन्ही हातांनी देते. आपल्याकडे काय पायाने देतात?"

तिने पिशवीतून डबा ओढला. डब्याबरोबर टिश्यू आला आणि कंद मातीसकट त्या लखलखीत फळ्यांवर घरंगळला.

मुलीचा चेहरा उतरला. "आई, हे काय आहे?"

बायकोने कंदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला कळलं. ती थांबली. एक श्वास घेऊन सोडावा एवढाच वेळ, पण तो तिने माझ्यासाठी सोडला होता. मी आगटीतल्या धुराकडे बघत राहिलो.

"माझं चुकलं म्हणावं," ती म्हणाली. "फुलांचं वेड आहे मला."

इथवर मी फक्त भित्रा होतो.  मी मोठ्याने म्हणालो, "तुला किती वेळा सांगितलंय, परक्याच्या वस्तूला हात लावू नये म्हणून! हे पुणं नाही."

मुलीने जपानीत माफी मागितली. बायको स्टुलावरून कशीबशी उतरून गुडघ्यांवर बसली आणि तिने फळ्यांना कपाळ टेकवलं. मालकीणबाई घाईघाईने "असू द्या, असू द्या" अशा अर्थाचं काही म्हणाल्या. मग बायकोने खुणेनेच पाणी मागितलं, बाहेर जाऊन ती रिकामी जागा शोधली आणि कंद आपल्या हातांनी परत दाबून बसवला. मी आतच होतो.

परतीच्या गाडीत मुलगी म्हणाली, "आई, माझी नोकरी आहे इथे. उद्या मी त्यांच्यासमोर कशी उभी राहू? तुला ना, कुठे नेता येत नाही." त्यानंतर पाच आठवडे आम्ही इथे होतो. कामाकुराचा मोठा बुद्ध बघायचा बायकोचा बेत होता. मुलीने तो विषय पुन्हा काढला नाही, बायकोनेही नाही. संध्याकाळी आम्ही दोघं बाल्कनीत चहा घेत बसायचो. एकदा मी विचारलं, "तू का घेतलंस अंगावर?"

"तुम्ही मास्तर. लेकीला तुमचा केवढा अभिमान. मी काय, रोपं मागणारीच आहे." कप खाली ठेवून ती म्हणाली, "पण ओरडायला नको होतंत, अहो."

दीड वर्षाने ती पुण्यात वारली. मुलगी मला इथे घेऊन आली. हळूहळू राग विरून गोष्ट गमतीची झाली आणि दर वेळी मी ती ऐकत राहिलो. आता खरं सांगितलं तर मुलीला उगाच त्रास होईल, अशी मी स्वतःची समजूत घालत होतो.

या मे महिन्यात पुन्हा बोलावणं आलं. आढ्यावर जांभळी फुलं ओळीने डुलत होती. मालकीणबाई आणखी वाकल्या होत्या. त्यांनी सगळ्यात आधी बायकोची चौकशी केली. मुलीने सांगितल्यावर त्या बराच वेळ हात जोडून बसल्या. त्याच आगटीपाशी मी मुलीला म्हणालो, "त्यांना सांग, तो कंद मी काढला होता. तिच्या पिशवीत मी लपवला. तिला माहीतही नव्हतं."

मुलगी सवयीने भाषांतर करू लागली. निम्मं वाक्य जपानीत बोलून झाल्यावर ते तिच्यापर्यंत पोचलं. ती थांबली. मालकीणबाई वाट बघत होत्या. माझ्याकडे न पाहता तिने ते वाक्य पुरं केलं. चारचौघांत ती मला काही बोलू शकणार नाही, हे मला माहीत होतं. त्यासाठीच मी ती जागा निवडली होती, हेही लिहायला हवं.

मालकीणबाई या वेळी "असू द्या" म्हणाल्या नाहीत. त्यांनी एक छोटा प्रश्न विचारला.

"तुम्ही आईची माफी मागितली होतीत का, विचारतायत," मुलगी म्हणाली.

मी मान हलवली. नाही.

परतीच्या गाडीत ती म्हणाली, "पाच आठवडे, बाबा. मी तिला कुठे नेलं नाही. आणि तुम्ही रोज तिच्या शेजारी बसून चहा पीत होतात." थोड्या वेळाने, खिडकीकडे बघत, "मी तिला जे बोलले, त्याचं आता मी काय करू?"  

गेल्या शनिवारी ओजिमाहून तिच्या मैत्रिणी सहकुटुंब जेवायला आल्या. नातीने गोष्ट सुरू केली. मुलीने ताटं खाली ठेवली आणि ती माझ्याकडे बघत उभी राहिली.

"ती गोष्ट चुकीची आहे," मी म्हणालो. "चोर मी होतो. आजीने काही घेतलं नव्हतं."

कुणीतरी अर्धवट हसलं आणि थांबलं. नातीने विचारलं, "मग आजीने काय केलं?"

"मी काढलेला कंद तिने परत लावला," मी म्हणालो आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. ओरडलो होतो तेही.