रेडिएटरातली हळद

फोडणीत हळद करपली की माझं डोकं आजही तापतं. त्या उन्हाळ्यात आमच्या जुन्या सात सीटर गाडीचा रेडिएटर मी स्वतः खोलून धुतला, पाइप बदलले, क्लिपा आवळल्या. दोन दिवस हात काळे आणि कंबर मोडलेली. तिसऱ्या दिवशी गंगाखेडहून बहिणीला बाळंतपणासाठी घरी आणत होतो. वडील पुढच्या सीटवर होते. ताडकळसच्या अलीकडे इंजिनच्या तापमानाचा काटा लालमध्ये गेला. बॉनेट उघडलं तर झाकणाच्या कडेनं पिवळा राडा उसळत होता आणि वास थेट करपलेल्या हळदीचा. गळक्या रेडिएटरात भोक बुजवायला हळद टाकायची ही आमच्याकडची जुनी युक्ती. पण माझा रेडिएटर गळतच नव्हता! वडील शांतपणे म्हणाले, "सकाळी गाडीखाली पाणी टिपकायलं होतं. डबाभर हळद टाकली म्या." "आण्णा, मी एसी लावून बघितला होता, त्याचं पाणी होतं ते! मला इचारायचं तरी!" भर रस्त्यात मी ओरडलो. सात महिन्यांची गरोदर बहीण बाभळीच्या विरळ सावलीत घामाघूम उभी होती. आण्णांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "तुझ्या कामाचा भरवसा असता तर हळद कशाला लागली असती?" हळद आत चोंदून बसली, इंजिन खोलावं लागलं. गावात मात्र आण्णा अजून सांगतात, पोरानं गाडी बिघडवलीच होती, हळदीनं ताडकळसपर्यंत तरी आणली. म्हणून आजही एसी लावायच्या आधी मी घरातला हळदीचा डबा कुलपात ठेवतो.