गळ्याची शपथ

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात एक रीत होती. ड्रॉइंगचा पेपर सुटला की आपला ड्राफ्टर, म्हणजे शीटवर सरळ रेघा मारायचं ते दांड्यांचं अवजार, खालच्या वर्षाच्या मुलीला देऊन टाकायचा. ज्या मुलीनं ड्राफ्टर दिला ती पास झाली, असं सगळ्यांनी समजायचं आणि तिच्याकडे पार्टी मागायची.

त्या दुपारी कॅन्टीनमध्ये पहिल्या वर्षाची एक मुलगी ड्राफ्टर मिरवत आली. "तुमच्या रूममेट ताईंनी दिला. म्हणाल्या, मला आता लागणार नाही." टेबलावरच्या बाकीच्या ओरडल्या, "पार्टी!" पण माझी रूममेट पास झालीच नव्हती. ड्रॉइंगला केटी लागली होती, म्हणजे विषय राहिला होता, तोही दुसऱ्यांदा. निकाल बघताना "कुणाला बोलू नको" म्हणत तिनं माझं मनगट करकचून धरलं होतं. पेपर परत द्यायचाय, आणि ड्राफ्टर लागणार नाही? म्हणजे काय?

चहा तसाच टाकून मी पळाले. नव्वदच्या दशकातली गोष्ट. हॉस्टेल अजून बांधून व्हायचं होतं, म्हणून कॉलेजनं सानपाड्याच्या एका सोसायटीत मुलींसाठी फ्लॅट घेतले होते. रिक्षात मी सारखं देवाचं नाव घेत होते. एरवी माझं नि देवाचं फारसं जमत नाही.

फ्लॅटचं दार उघडं, आत कुणी नाही. तिच्या कॉटवरची गादी गुंडाळून ठेवलेली, खोली सोडून चाललेल्या माणसासारखी. मी हाका मारत वर धावले. गच्चीच्या दाराला सोसायटीनं कुलूप घातलं होतं, आणि त्या कुलपासमोरच्या पायरीवर ती बसली होती.

"इथे काय करतेस गं बये?" मी खेकसले. घाबरले की मला आधी राग येतो.

ती नांदेडकडची. एकदा बोलायला लागली की थांबायची नाही. तेव्हा एवढंच म्हणाली, "मला माझीच भीती वाटायलीय."

मी म्हटलं, "चल, मॅडमना सांगू." आमच्या रेक्टर मॅडम तळमजल्यावर राहायच्या. ऐकताच तिनं स्वतःच्या गळ्याला चिमटा घेतला. "माझ्या गळ्याची शपथ हाय तुला. सांगितलंस तर मी मरीन."

हसू नका. शाळेपासून आमच्या हाडात मुरलेलं ते. गळ्याची शपथ मोडली की ते माणूस मरतं. मी थर्मोडायनॅमिक्स शिकत होते, आणि त्या जिन्यात मला ते शंभर टक्के खरं वाटत होतं.

"शपथ सुटली म्हण," मी गयावया केली.

"नाही."

सांगितलं तर काय होईल, ही तिची भीतीही खोटी नव्हती. कॉलेजातल्या एका मुलानं असंच काही बोलून दाखवलं होतं. त्याच दिवशी वडिलांना फोन, आणि संध्याकाळी तो ट्रंकेसकट घरी. मागे पोरं कपाळाशी बोट फिरवून त्याची नक्कल करायची. तो परत आलाच नाही.

सांगावं तर तिचं शिक्षण गेलं, न सांगावं तर तीच. बरं, खाली सांगायला जायचं तर हिला त्या पायरीवर एकटं कसं सोडायचं? मग मी जिन्याच्या कठड्याला धरून बोंबच ठोकली. "मॅडम! वर या! आत्ताच्या आत्ता!" पटापट दारं उघडली. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, संपलं, आपणच हिला मारलं.

मॅडम कणकेच्या हातानं वर आल्या आणि तिच्या शेजारी पायरीवर बसल्या. मार्कांचं काही विचारलं नाही. झोप लागते का, जेवलीस कधी, असं विचारत विचारत सरळ म्हणाल्या, "मरावंसं वाटतं का गं?"

असं कुणी विचारतं? नसेल डोक्यात तर येईल ना! पण ती "हो" म्हणाली आणि हमसून रडायला लागली. निकालापासून पहिल्यांदाच रडत होती.

प्रिन्सिपॉल म्हणाले, नसती भानगड नको, घरी पाठवा. मॅडम म्हणाल्या, "घरी पाठवून कॉलेजचं टेन्शन जाईल, पोरीचं नाही." तिच्या आईला गावाहून बोलावून मॅडमनी दोघींना स्वतःच्या घरी ठेवलं आणि वाशीच्या मानसोपचार डॉक्टरांकडे त्या स्वतः तिला घेऊन जायच्या. ती माझ्याशी अजिबात बोलत नव्हती. मी रोज सकाळी काहीतरी निमित्त काढून खाली जायची, ती आहे ना, एवढं बघायला. खिडकीत दिसली नाही की मी बेल वाजवायची.

बरं वाटायला लागल्यावर ती फ्लॅटवर परत आली, माझ्याशी बोलायलाही लागली. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी चहा पीत होतो. तिसरी म्हणजे आमच्या वर्गात कायम पहिली येणारी, सदा हसणारी. तेवढ्यात माझी रूममेट मोठ्यानं म्हणाली, "माझी मनाची गोळी कुठं ठेवली गं?" मला वाटलं, आता ती तिसरी हसणार, आणि उद्या कॉलेजभर होणार.

ती हसली नाही. कपात बघत राहिली.

"त्या डॉक्टरांकडे परत कधी जायचंय?"

"गुरुवारी."

"मला पण न्याल?"