एकजादा डाइकेमाची मुलगी

आमच्या गावात टोपणनाव पडायला एक दुपार लागते आणि पुसायला दोन पिढ्या. सुतार ओमको डाइकेमाला सगळे ‘एकजादा’ म्हणायचे. पवनचक्कीतलं मोठं चाक बहात्तर दात्यांचं. ते जात्याच्या ज्या छोट्या चाकाला फिरवतं, ते म्हणजे उभ्या दांडक्यांचा पिंजराच. ओमकोनं त्यात दांडकी बसवली पंचवीस. चोवीस त्रिक बहात्तर हे शेंबड्या पोरालाही येतं, मग पंचवीस कशाला? ओमकोला मोजता येत नाही, असं गावानं ठरवून टाकलं. तो एवढंच म्हणायचा, “मोजूनच केलंय.” मी गावचा बेकरीवाला. खोटं कशाला बोलू, मीही हसलोय.

त्याची मुलगी फेन्ना मात्र कधी हसली नाही. तिला लाज वाटायची. बापामागे करवत तिच्या हाती आली आणि छोटं चाक झिजलं, तेव्हा तिनं बापाची चूक सुधारली. चोवीस दांडकी बसवली.

“लेकीला पाढे येतात म्हणायचे,” एप्पो चक्कीवाला म्हणाला. तो आठवडाभर फेन्ना ताठ मानेनं चालत होती.

पहिल्याच हिवाळ्यात मोठ्या चाकाचे तीन दाते तुटले. तिनं नवे बसवले. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तीन, त्याच्या पुढच्यातही तीन. एप्पोचा पारा चढला.

“फेन्ना, तुझे दाते माझ्या आजीच्या दातांसारखे पडतात. आता एक जरी तुटला, तर पाती उतरवून विजेची मोटर बसवतो.”

“मला चार दिवस दे.”

“तीन वर्षांत जमलं नाही, ते चार दिवसांत काय दिवे लावणार?”

पाती उतरली की फेन्नाचं काम संपलं. वय पंचावन्न, आणि दुसरं काही येत नव्हतं.

प्रत्येक दात्यावर आकडा कोरायची ओमकोची पद्धत होती, ती फेन्नानंही पाळली होती. तिनं तुटलेले तुकडे लाकडाच्या ढिगातून शोधून ओळीत मांडले. दर हिवाळ्यात तेच तीन: सातवा, एकतिसावा, पंचावन्नावा. मध्ये चोवीस-चोवीसचं अंतर. तिनं वर जाऊन सातव्या दात्यापुढचं दांडकं चाचपलं. लाकडात गाठ होती, दगडासारखी कठीण. चाक कितीही फिरवा, ती गाठ त्याच तिघांना धोपटत होती. बाकीच्या एकोणसत्तर जणांना त्या गाठीनं कधी हातही लावला नव्हता.

फेन्ना तिथेच खाली बसली आणि रडली. मी पिठाचं पोतं न्यायला गेलो होतो, म्हणून मला माहीत.

“एवढंच ना? मग ते एक दांडकं बदल,” एप्पो म्हणाला.

“आज ही गाठ, उद्या दुसरी. लाकूड आहे ते. पंचवीस दांडकी हवीत. मग गाठ आळीपाळीनं बहात्तर जणांना भेटेल. मार वाटला जाईल.”

“मग तेवीस कर की. मास्तर म्हणतात ती मूळ संख्या आहे, तिला कुणी भागत नाही.”

“तेवीसही चालेल. पण जातं जोरात पळेल, पीठ तापेल आणि हा बेकरीवाला माझ्या नावानं शंख करेल.”

“अगं, पण पंचविसाला पाचनं भाग जातो.”

“जाऊ दे की. पाचनं बहात्तरला जातो का? नाही. दोनानं, तीननं बहात्तरला जातो, पंचविसाला नाही. दोघांनाही भागेल असा एकच, तो म्हणजे एक. ते दोघं एकमेकांशी सहमूळ आहेत, तेवढं पुरे.”

तिनं पंचवीस दांडक्यांचं चाक केलं आणि ते थोडं मोठं झालं म्हणून जात्याचा खांब बोटभर सरकवला. गाठीचं दांडकं मुद्दाम तसंच ठेवलं. मग मी आणि एप्पोनं पाती हातानं ढकलली, आणि गाठ ज्या दात्याला टेकेल त्यावर फेन्ना खडूची रेघ ओढत गेली. मोठ्या चाकाच्या चोवीस फेऱ्या झाल्या तरी दोन दाते कोरे होते. पंचविसाव्या फेरीत तेही पांढरे झाले. बहात्तरच्या बहात्तर, प्रत्येकावर एकच रेघ.

हिवाळा आला, वादळं आली, गेली. एकही दाता तुटला नाही. मोटरचं नाव एप्पोनं पुन्हा काढलं नाही.

वसंतात तो तिच्या दारात उभा राहिला. “तीस वर्षं मी तुझ्या बापाला एकजादा म्हणत आलो.”

“मी तर त्याला सुधारायला निघाले होते,” फेन्ना म्हणाली. “तू म्हणत राहा. फक्त यापुढे टोपी काढून म्हण.”

एप्पोनं टोपी काढली. त्याला टक्कल आहे, हे गावाला त्या दिवशी कळलं.